दामूअण्णांची जाळी

दसऱ्याला लोक गाडीच्या तोंडाला हार घालतात. आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगमधले दामूअण्णा पाठीवर पडून गाडीखाली शिरतात आणि तिथल्या एका डब्याला हळदकुंकू वाहतात. बाहेर फक्त पाय दिसतात. पहिल्या वर्षी वॉचमनला वाटलं, म्हातारा गाडीखाली आला.

अण्णा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून रिटायर झाले. सगळी नोकरी धुराशेजारी गेली. मी चौथी शिकले, पण त्यांनी ऐकवून ऐकवून मलाही पाठ झालं. त्या डब्यात मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिला महागड्या धातूंचा लेप. इंजिनाचा धूर तिच्यातून गेला की त्यातलं बरंचसं विष मरतं. फक्त जाळी तापायला हवी. गार जाळी काही कामाची नाही. म्हणून पार्किंगमध्ये कुणी गाडी सुरू ठेवून फोनवर बोलत बसला, की अण्णा काचेवर टकटक करणार. "जाळी तापली का? नाही ना? मग निघा." माझ्याकडे चहाला उशीर झाला तरी हेच विचारतात.

उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरच्या निखिलने मेकॅनिकचं ऐकून जुन्या गाडीची जाळी काढून टाकली. गाडी जास्त पळते म्हणे. अण्णांनी वासावरून ओळखलं. मग रोज भांडण. निखिल म्हणाला, "काका, गाडी माझी, नाक तुमचं. नाक बदला." सगळे हसले. मीही हसले.

पुढे एका सकाळी कैरीचं लोणचं द्यायला त्यांच्या तळमजल्यावरच्या घरी गेले. एवढ्या उकाड्यात खिडकी बंद, फटीत ओला टॉवेल कोंबलेला. बाहेर निखिलची गाडी गुरगुरत होती. आत वहिनी पलंगावर ताठ बसून श्वास ओढत होत्या, आणि अण्णा दम्याचा पंप धरून उभे.

एवढं आहे तर वहिनींच्या दम्याचं निखिलला सांगत का नाही, असं मी सरळ विचारलं. अण्णांनी मला दाराबाहेर नेलं.

"तिला चालत नाही, आक्का. माझ्या दुखण्यापायी कुणाला गाडी हलवायला लावू नका म्हणते. मग जाळीच्या नावाने मीच वेडा ठरतो. त्यात काय जातंय?"

मी तशीच जिना चढून गेले. निखिलला म्हणाले, जाळी परत बसव, तुझ्या गाडीच्या वासाने माझं डोकं उठतं.

"आजी, आता तुम्हीपण?"

"हो. मीपण."

चार दिवस कुरकुरला, पण बसवली.

मला तेव्हा सर्दी झाली होती. फोडणी करपली तरी वास कळत नव्हता.