सशिणीचं लग्न खरं ठरलं

एका जंगलात, बाळांनो, गवत होतं, पाणी होतं, सावलीही होती. नोकऱ्या तेवढ्या नव्हत्या. म्हणून दिगंबर ससा समुद्रापलीकडच्या थंड जंगलात कामाला गेला. एकदा रजा काढून आला, सुलक्षणा सशिणीशी लग्न केलं आणि एकोणिसाव्या दिवशी परत गेला.

सुलक्षणाला त्याच्याकडे जायचं होतं. पण त्यासाठी व्हिसा हवा, आणि व्हिसासाठी वकिलातीत मुलाखत. तारीख मिळायलाच चौदा महिने लागले.

वडाखाली वानरराव नावाचे एक माकड मुलाखतीची शिकवणी घेत. ते म्हणाले, "लग्न खरं आहे हे साहेबाला पटलं पाहिजे. हे साठ प्रश्न पाठ कर. नवऱ्याचा आवडता रंग कोणता?"

"ते मी कधी ह्यांना विचारलंच नाही."

"विचारूही नकोस. निळा सांग. सगळ्यांना निळाच सांगायला लावतो मी."

मुलाखतीच्या दिवशी दारावरच्या मुंगसाने तिची पिशवी हुंगली आणि गाजर काढून ठेवलं. आत रांग होती. पुढे एक कोल्हीण होती. तिने नवऱ्याला फक्त फोटोत पाहिलं होतं. पण साठही उत्तरं तिने घडाघडा म्हणून दाखवली. खिडकीमागचा साहेब खूश झाला आणि त्याने शिक्का मारला.

हा साहेब म्हणजे करकोचा. तो दर हिवाळ्यात इकडे येई, उन्हाळ्यात तिकडे जाई. त्याला स्वतःला कधी व्हिसा लागला नव्हता. पंख होते ना!

"नवऱ्याचा आवडता रंग?" करकोच्याने विचारलं.

"निळा... खरं सांगू का साहेब? मला माहीत नाही."

"लग्नानंतरच्या सगळ्या फोटोंत तुम्ही एकट्याच दिसता."

"फोटो तेच काढत होते ना!"

"फोनवर बोलता?"

"रोज दुपारी तासभर. ते विचारतात, जेवलीस का? मी म्हणते, हो. मी विचारते, थंडी आहे का? ते म्हणतात, आहे."

"आणि पुढे?"

"पुढे गप्प बसतो."

"तासभर?"

"हो. मी पाला निवडत असते, ते जेवत असतात. फोन चालूच असतो. त्यांचं चावणं ऐकू येतं."

करकोच्याने अर्ज खालपासून वरपर्यंत चाळला. गप्प बसण्यासाठी त्यात रकाना नव्हता.

"ह्याचा काही पुरावा?"

"गप्प बसल्याचा? कसला आणू, साहेब?"

त्याने तिच्या हातात पिवळी चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'सखोल चौकशी बाकी.'

बाहेर येऊन तिने फोन लावला. "मी सगळं विसरले हो," ती म्हणाली.

दिगंबर म्हणाला, "जेवलीस का?"

सुलक्षणा रडू लागली. ती रडते आहे, एवढं त्याला ऐकू आलं. दुसऱ्याच दिवशी त्याने नोकरी सोडली आणि आठवड्याने तो घरी पोचला. घरी त्याला कुणी साठ प्रश्न विचारले नाहीत. आईने एकच विचारला, "एवढा का रे वाळलास?"

ओढ्याकाठी दोघांनी मुळ्याचा मळा केला. संसार सुरू झाला. वर्षभरात तीन पिल्लंही झाली.

आणि एके दिवशी वकिलातीचं पत्र आलं. 'सखोल चौकशीअंती आपला विवाह खरा असल्याचे आढळून आले आहे. आता आपण आपल्या पतीकडे राहण्यास जाऊ शकता.'

सुलक्षणा पत्र घेऊन मळ्यात गेली. दिगंबर मुळे उपटत होता.

"काय म्हणतात?" त्याने विचारलं.

"आपलं लग्न खरं आहे म्हणतात."

दिगंबरने हातांची माती झटकली. "हो का?" तो म्हणाला. "बरं झालं कळवलं."

तात्पर्य : खरं बोलणाऱ्याला उशिरा का होईना, न्याय मिळतोच. म्हणून बाळांनो, घाई असेल तर पाठ करून जावं.