मूळगाठीचा अधिकृत रंग

मातीतल्या जिवाणूंना शिस्त लावता येत नाही, पण त्यांच्यावरच्या प्रश्नांना लावता येते. हे सत्य लातूरने सर्वांच्या आधी ओळखलं. भूकंपानंतर इथे दोन गोष्टी झपाट्याने उभ्या राहिल्या: पत्र्याच्या खोल्या आणि क्लासेस. पुढे माणसं पक्क्या घरांत गेली आणि रिकाम्या पत्र्यांची सोय क्लासेसनी केली. (ऑगस्टमध्येही त्या खोल्यांत उकाड्याने विद्यार्थी झोपू शकत नसत, त्यामुळे निकाल चांगला लागे.)

अशाच एका क्लासमध्ये अवधूत सर वनस्पतिशास्त्र शिकवत. मूळगाठींना वेळापत्रकात अकरा मिनिटं होती. तेवढ्यात सर सांगत की रायझोबियम नावाचा जिवाणू सोयाबीनच्या मुळावर गाठ करून राहतो, हवेतला नत्र धरून झाडाला देतो, जमिनीचा कस राखतो. हे सगळं तो कुठलाही क्लास न लावता करतो, हा मुद्दा नोट्समधून वगळला होता.

नोट्समध्ये गाठीची आकृती होती. ती कुणीतरी कधीकाळी गुलाबी पेन्सिलीने रंगवली होती. पण झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स, अशा सातव्या पिढीत गाठ पांढरीशुभ्र झाली. त्यावरून टेस्टमध्ये सदतिसावा प्रश्न आला: काम करणारी मूळगाठ आतून कोणत्या रंगाची असते? उत्तर अ, पांढरा. पाठ्यपुस्तकात गुलाबी छापलं होतं. पण नोट्स इतक्या परिपूर्ण होत्या की पुस्तक उघडण्याची वेळ कुणावर, सरांवरही, आली नव्हती.

चारशे सोळा विद्यार्थ्यांपैकी चारशे पंधरांनी पांढरा लिहिला. राहिली रेणुका. शिरूर अनंतपाळजवळच्या खेड्यातली, रविवारी आईबरोबर खुरपायला जाणारी. तिने गुलाबी लिहिला आणि अर्ध्या मार्काने एकसष्टावी आली. पहिल्या बॅचमध्ये जागा साठ. त्या साठांना सर समोर उभे राहून शिकवत. बाकीच्यांना पत्र्यापलीकडून येईल तेवढं ऐकण्याची पूर्ण मुभा होती.

"सर, गाठ आतून गुलाबी असती," रेणुका म्हणाली.

"कुठे वाचलंस?"

"वाचलं न्हाई. फोडून बघितली."

फोडून बघणं हा संदर्भग्रंथ होत नाही, हे सरांनी प्रेमाने समजावलं आणि हरकतीची रीत सांगितली: अर्ज तीन प्रतींत, सोबत नमुना.

सोमवारी नमुना आला. ओल्या पोत्यात मातीसकट सोयाबीनचं झाड, आणि ते धरून रेणुकाची आई कोंडाबाई. तिने सरांच्या टेबलावरच एक गाठ नखाने फोडली.

"बघा सर. पेरताना गुळाच्या पाण्यात कालवून ते जिवाणूचं काळं पाकीट बियाला चोळलं हुतं, म्हणून एवढ्या गाठी लागल्यात. पांढरी निघाली तर ती गाठ काय कामाची न्हाई."

गाठ आतून गुलाबी होती, ओली आणि ताजी. चौदा वर्षं शिकवलेली वस्तू सर पहिल्यांदाच बघत होते. त्यांना ती फार आवडली, आणि मग फार लाज वाटली. पण सरांनी स्वतः बघितलं तर पुढे काय करायचं, याची नियमांत तरतूद नव्हती. हरकतीवर समिती बसेपर्यंत झाड कपाटात बंद झालं.

गुरुवारी समिती बसली. सदस्य तीन: संचालक अमृतराव, अवधूत सर, आणि मूळ प्रतीचे जाणकार म्हणून झेरॉक्सवाले शिवलिंग. कपाट उघडलं. तीन दिवसांच्या उकाड्याने गाठी काळ्या पडल्या होत्या.

"म्हणजे ड, काळा," अमृतराव म्हणाले, तसं लिहिलं आणि लगेच खोडलं. कारण मग चारशे सोळाच्या चारशे सोळा चुकत होते, आणि रविवारी पालक मेळावा होता.

"मूळ प्रत माझ्यापाशी हाय," शिवलिंग म्हणाले. "पांढरीच हाय."

ठराव झाला. नमुन्याचं वर्तन अविश्वसनीय असल्याने उत्तर अ कायम. सही करताना सरांचं पेन दोनदा उमटलं नाही. तिसऱ्यांदा त्यांनी शिवलिंगांचं पेन घेतलं. (याला विरोध म्हणावं का, यावर इतिवृत्त गप्प आहे.)

रेणुका पत्र्यापलीकडेच राहिली. सरांनी तिला एकदा फाटकापाशी गाठलं. माफी मागायची होती, पण तोंडातून प्रश्नच बाहेर पडला.

"बोर्डात काय लिहिशील?"

"गुलाबी."

"आणि आपल्या टेस्टमध्ये?"

"पांढरा, सर. तुमीच सही केलीत की."

"व्हेरी गुड," सर सवयीने म्हणाले. नंतर कितीतरी दिवस त्यांना तिच्याकडे बघता आलं नाही.

ठरावाची प्रत शिरूरच्या शिवारात पोचली नाही. त्यामुळे तिथल्या जिवाणूंनी त्या हंगामातही नत्र धरला, पिकाला दिला, आणि आतून गुलाबी राहण्याचा बेशिस्तपणा चालू ठेवला.

आता सुज्ञ वाचकांचा प्रश्न आम्हाला ठाऊक आहे: शेवटी रेणुकाला बोर्डात किती मार्क पडले? हाच प्रश्न ज्यांच्या मनात आधी आला, त्यांनी आपल्या पाल्याला घेऊन यावं. पहिल्या बॅचमध्ये अजून चार जागा आहेत.