पुढं बघू

आमच्या संस्थेच्या संचालक मृदुला कामतेकर यांना दहा वर्षांनंतरचं दिसतं. आजचं दिसत नाही. त्यामुळे चहाचा कप त्यांच्या हातातच द्यावा लागतो.

त्यांची सगळी कारकीर्द या नजरेवर उभी आहे. मुलाखतीतच त्यांनी आमच्या अध्यक्षांना "टक्कल तुम्हाला शोभतं" म्हणून सांगितलं. तेव्हा अध्यक्ष केसांतून कंगवा फिरवत होते. तरी नेमणूक झाली. पुढे मॅडमनी संस्थेच्या होड्या टेकडीवरच्या देवळात नेऊन ठेवल्या. गाव पोट धरून हसलं. मग पूर आला, तेव्हा गाव त्याच होड्यांत बसून हसलं.

एकच काम अडलं होतं. नदीकाठची खालची गल्ली दर पुरात घरांच्या पत्र्यावर बसून राहते. तिच्यासाठी निवारा बांधायचा होता, आणि देणगी द्यायची होती गुळाचे व्यापारी आबासाहेब तिवडे यांनी. माणूस दिलदार, पण दरवेळी म्हणायचा, "पुढं बघू."

परवा ऑफिसात येऊन तेच म्हणाले. मॅडमनी खिडकीतून त्या जागेकडे नजर टाकली.

"बघितलं. गवत आहे. निवारा नाही. खालची गल्लीही नाही."

"आन् मी?" आबासाहेबांनी हसत विचारलं.

"तुम्ही कुठं बसलाय?"

"तुमच्याम्होरं."

"इथं खुर्ची आहे," मॅडम म्हणाल्या. "चांगली आहे. वेत नवीन बसवलाय."

आबासाहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि चेकबुक काढलं. मला फार वाईट वाटलं, पण पेन मीच दिलं.

"एकच मजला दिसतोय," मॅडम म्हणाल्या. "पाणी त्याच्या वर चढतं."

आबासाहेबांनी चेक फाडून दुसरा लिहिला.

"आता ठीक. गल्ली आहे. निवाऱ्याच्या पायऱ्यांवर बायका शेंगा फोडतायत. दारावर पाटी आहे. कै. आबासाहेब तिवडे."

"ते 'कै.' गाळून चालंल का?"

"सुरुवातीला 'श्री.' लावू," मी म्हणालो.

आबासाहेबांनी जरा विचार केला. "दोनीबी पाट्या करून ठेवा. तयारी असल्याली बरी."

मग त्यांचं लक्ष समोरच्या चहाकडे गेलं. "एवढा पिऊन जाऊ का?"

"प्या की," मॅडम रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाल्या. "सावकाश."