नानांचं हरकाम्या पीठ

आमच्या बिल्डिंगीत रंगनाथ नानांच्या घरात शिरायचं असेल, तर आधी दारात एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. "सकाळधरनं काय काय खाल्लं?"

तब्येतीची चौकशी वगैरे काही नाही हो! भाकरी म्हणालात तर आत घेतात. पोळी म्हणालात तर बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायचे, चूळ भरायची, पदर जिन्यात झटकायचा आणि मग उंबरा ओलांडायचा. ब्रेड, खारी, शेवयांची खीर यातलं काही निघालं तर दारातूनच बोलून परत. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा शर्टाच्या खिशात बिस्किटाचा अर्धा पुडा घेऊन आत गेले. नानांनी त्यांना जिन्यात उभं करून खिसा उलटा करायला लावला, आणि ते बसले होते ती खुर्ची दोन दिवस उन्हात ठेवली.

मी सुरेखा, नानांच्या समोरच्या दारात राहते. ब्लाऊज शिवते. सात वर्षं मी हा माणूस सहन करतेय, तेव्हा माझ्याइतका हक्क कुणाला नाही त्यांच्याबद्दल बोलायचा.

नाना मूळचे पारनेरकडचे. नागापूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवला आणि रिटायर झाले. त्यांच्या मंडळी, आक्का, जाऊन पाच वर्षं झाली. एकच मुलगी, वैशाली, कर्जतला दिलेली. तिची मुलगी ओवी. आता या ओवीला गहू चालत नाही. म्हणजे आवडत नाही असं नाही, पोटात गेला की आतडी सुजतात आणि पोर सुकत जाते. त्याला औषध नाही. गहू, मैदा, रवा जन्मभर बंद, एवढाच उपाय. आणि नानांना ओवीसाठी आपल्या हातानं वाढदिवसाचा केक करायचा होता. बस्स, एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीपायी त्यांनी स्वतःच्या घरातून गहू असा हाकलला, की विचारू नका.

त्यासाठी त्यांनी एक पीठ शोधून काढलं. ज्वारी, तांदूळ, साबुदाणा, दुधाची पावडर, पिठीसाखर, बेकिंग पावडर, मीठ आणि चिकटपणाला इसबगोल. हो, तेच पोट साफ व्हायला घेतात ते! सगळं एकदा मिसळून डब्यात भरून ठेवायचं. दूध-अंडं घातलं की केक, तूप घातलं की बिस्किट, नुसतं पाणी घातलं की गोड धिरडं. नाना त्याला 'हरकाम्या' म्हणायचे. "काय सांगाल ती कामं करतंय बघा. आन कुरकुर न्हाई."

कुरकुर आम्ही करायचो. कारण नमुने खायला आम्ही. पहिला केक असा झाला होता की आमच्या ह्यांनी तो दाराला अडसर म्हणून लावला. दुसरा चमच्यानं प्यावा लागला. दर पंधरा दिवसांनी नाना वजनकाटा, चाळणी आणि वही घेऊन बसायचे, मग आमच्या दारात ताटली यायची. आम्ही चांगला झाला म्हणायचो, आणि नाना मान हलवायचे. "जॉब रिजेक्ट." सगळ्यालाच जॉब रिजेक्ट. चहा गोड झाला, जॉब रिजेक्ट. मी शिवलेल्या पिशवीचा बंद एक सूत तिरका, जॉब रिजेक्ट. एकदा तर मी तोंडावर म्हटलं, "नाना, तुमच्या लग्नाला आक्का तरी पास कशा झाल्या?" तर म्हणाले, "तिनं मला पास केलं हुतं."

त्यांच्याकडे वाटीभर आमटी द्यायची तर मला हिंग टाकून फोडणी करायची पंचाईत. हिंगात मैदा असतो म्हणे! मी म्हटलं, काहीतरीच. त्यांनी डबीवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचून दाखवली. निघाला की खरंच. माझ्याकडच्या सत्यनारायणाला आले, शिऱ्याचा प्रसाद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, खाली जाऊन गाईला घातला आणि अंघोळ केल्याशिवाय घरात गेले नाहीत.

आणि गिरणी! तुम्हाला माहीतच आहे, गिरणीत आधीच्याचं मूठभर पीठ आपल्यात येतं आणि आपलं पुढच्यात जातं. म्हणून तर आपण 'ज्वारीवर ज्वारी टाका' म्हणतो. नाना सलीमभाईंच्या गिरणीत बॅटरी घेऊन जायचे आणि जात्यात डोकावायचे. शेवटी सलीमभाईंनीच हात जोडले. "नाना, तुम्ही घरघंटी घ्या. माझं गिऱ्हाईक पळतंय." घेतली घरघंटी.

तीन वर्षं हे चाललं. केक आता झकास व्हायचा, मऊ, फुललेला. तरी डबा कर्जतला जात नव्हता. मी विचारलं की, "अजून जॉब पास न्हाई." मला वाटायचं, म्हाताऱ्याचा चिकित्सक स्वभाव, दुसरं काय.

आणि मग गेल्या महिन्यात एका दुपारी नाना न विचारता, न धुता सरळ आमच्याच घरात घुसले. हातात फोन. "वैशूचा फोन आल्ता. म्हनली, नाना, यंदा ओवीचा केक तुमच्या पिठाचा करू. घिऊन या." एवढं बोलून माझ्या मशिनीपुढच्या स्टुलावर बसले आणि किती तरी वेळ उठलेच नाहीत.

वाढदिवस रविवारी. शनिवारी सकाळच्या एसटीनं निघायचं. आणि गुरुवारी घरघंटीची मोटर जळाली.

नाना मोटर खांद्यावर टाकून रिवाइंडिंगवाल्याकडे धावले. तो म्हणाला चार दिवस लागतील. मग शुक्रवारी बाजारात बेकिंग पावडर शोधायला ते गेले आणि दळण माझ्याकडे दिलं. जाताना चारदा बजावलं. "सलीमला म्हनावं, जातं उघड, बरशानं झाड. खालचं कापड बदल. मग ही येगळ्या पिशवीतली दोन किलो जवारी दळ. ती गाईला. त्यानंतर आपलं. ताई, लक्षात ऱ्हाईल ना?"

"राहील हो!" मी म्हणाले. त्या दिवशी मला एका लग्नाचे सहा ब्लाऊज द्यायचे होते.

गिरणीत माझ्या आधी कुणाचं तरी तीस किलो गव्हाचं दळण चाललं होतं. संपलं. सलीमभाई म्हणाले, "नानांचं ना? थांबा, उघडतो. अर्धा तास लागेल."

आणि मी, देवा, मी म्हणाले, "राहू द्या. तसंच टाका. आणि ती दोन किलो पण यातच घ्या, चांगली ज्वारी गाईला कशाला?"

"ताई, नाना चिडतील," ते म्हणाले.

"मी बघते नानांचं," मी म्हणाले.

घरी येऊन पीठ दिलं. नानांनी विचारलं, "सगळं सांगितल्यापरमानं?" मी हो म्हटलं. तोंडातून सहज निघून गेलं. ब्लाऊज शिवत बसले, पण हात चालेना. एवढंसं पीठ, काय होतंय, असं मनाशी म्हणत होते. आणि दुसरं मन म्हणत होतं, सुरेखा, पोरगी सात वर्षांची आहे.

शनिवारी सकाळी सातला नानांनी हाक मारली. चाळायला माझा हात हलका, म्हणून मी लागायचीच. मी ठरवून गेले होते, गेल्या गेल्या सांगायचं. तर नानांनी माझ्या डोक्याला कारखान्यातली जुनी टोपी घातली, तोंडाला रुमाल बांधला आणि बोट वर केलं. "आता मोजमाप संपस्तवर बोलायचं न्हाई. थुंकी उडती."

"नाना, मला एक—"

"श्शू!"

ज्वारी काट्यावर पडली. तांदूळ पडला. चार ग्रॅम जास्त झाला, तर चमच्याच्या टोकानं काढला. साबुदाण्याचं पीठ. "नाना, ऐका—" त्यांनी नुसते डोळे वटारले. इसबगोल. बेकिंग पावडर. एकेक वस्तू वहीत टिक होत होती. मी तीनदा चाळलं. चाळणीतून ते पांढरंशुभ्र पीठ खाली पडताना बघायचं, आणि त्यात काय आहे ते आपल्या एकटीला माहीत! घामानं टोपी भिजली माझी.

डब्याला झाकण लागलं. वरून चिकटपट्टी. त्यावर मार्करनं जाड अक्षरात 'ओवी'. नाना कपडे बदलायला आत गेले, आणि बाहेर आले तेव्हा इस्त्रीचा पांढरा सदरा, नवी टोपी, दाढी गुळगुळीत. लग्नातही इतके नटले नसतील. मी रुमाल काढला, पण तो चेहरा बघितला आणि त्यांची पिशवी उचलून खाली नेऊ लागले.

खाली रिक्षा आली होती. नाना बसले, डबा मांडीवर. रिक्षावाल्यानं किक मारली. तेव्हा मात्र मी जाऊन रिक्षाच्या दांडीलाच धरलं.

"नाना, उतरा. डबा नेऊ नका. जातं उघडलं नव्हतं. गव्हावरच दळलंय. मी खोटं बोलले."

रिक्षावाला म्हणाला, "काकू, गाडी चुकंल त्यांची." मी म्हटलं, "तू गप बस."

नाना उतरले. डबा छातीशी धरून जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता होऊ दे काय व्हायचंय ते. शिव्या घालतील, बोलणं टाकतील. माझी लायकी तीच होती.

"आधी किती गहू हुता?"

"तीस किलो."

नानांनी मान हलवली. डब्यावरच्या नावावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "एवढ्याशानं काय हुतंय, असं वाटलं आसंल तुमास्नी."

मी रडायलाच लागले.

"मला बी तसंच वाटल्तं," नाना म्हणाले. "ओवी तवा चार वर्साची. वैशूनं पंधरा दिस हितं ठिवली हुती, तुमी तवा म्हायेराला गेल्ता. चिठ्ठीच दिल्ती लिहून, गहू द्यायचा न्हाई म्हनून. मी म्हनलं, गव्हानं कुनी आजारी पडतंय व्हय? डॉक्टरांची थेरं. पोर चहात बुडवून टोस मागायची. मी द्यायचो. रोज एक. आईला सांगू नगं म्हनायचो. तिला लई मजा वाटायची, आमचं दोघांचं गुपित हुतं ना ते. मग जुलाब लागलं. थांबंनात. सलाईन लावलं, हातात शीर घावंना. डॉक्टरनं इचारलं, बाळ काय खाल्लं? ती माझ्याकडं बघाया लागली. सांगंना ओ. गुपित म्हनून सांगंना. मीच सांगितलं शेवटी."

रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं.

"वैशू म्हनली, तुमच्या हातचं माझी पोर परत कायबी खानार न्हाई. तीन वर्सं झाली. येती, भेटती, पन पोरीचा डबा घरनं आनती. पानी सुदिक घरनं."

म्हणजे डबा कर्जतला जात नव्हता तो नानांच्या चिकित्सेपायी नाही. तिकडून कुणी मागितलाच नव्हता. तीन वर्षं हा माणूस न मागितलेलं पीठ दर पंधरा दिवसांनी मोजत होता, आणि आम्ही त्याला हसत होतो. आणि आता मागितलं, तर ते मी नासवलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

नानांनी फोन काढला. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा फोन सगळ्या जिन्याला ऐकू जातो.

"वैशू, डबा आनत न्हाई. पीठ चुकलं. गव्हावर दळलं गेलं."

"कुणी दळलं?"

मी पुढं झाले, माझं नाव सांगायला. नानांनी हातानं मला मागं सारलं. "माझ्याच हातनं झालं. केक तू बाहेरनं बघ काय मिळतोय का. पोरीला म्हनावं, नाना पुढच्या साली करतील."

मग वैशालीचा आवाज आला, अगदी बारीक. "नाना, न सांगता आणला असता तर मला कळलंही नसतं."

"व्हय. नसतं कळलं."

"कितीच्या गाडीनं येताय?"

"आता येऊन काय करू? डबा न्हाई ना."

"डब्याचं नाही विचारलं मी. तुम्ही कितीला येताय? इथं घंटी आहे, घरात गव्हाचा दाणा येत नाही. इथंच दळू. तुमची वही तेवढी आणा."

नाना उठले. वही आणायला धावत जिना चढले, गुडघे दुखतात हे विसरून. खाली येऊन डबा माझ्या हातात कोंबला. "ह्याची बिस्किटं करून खा. वाया घालवू नका." आणि गेले रिक्षातून. माझ्यावर रागावायचं राहूनच गेलं त्यांचं. मी मात्र आधी सलीमभाईंकडे जाऊन त्यांची माफी मागून आले.

रविवार मी कसा काढला माझं मला माहीत. संध्याकाळी वैशालीचा फोन आला.

"काकू, केक छान झाला. पण नाना भरवेचनात हो तिला. ओवी तोंड उघडून पुढं उभी, सगळे टाळ्या वाजवतायत, आणि हे घास हातात धरून मागं सरकतायत. म्हणाले, वैशू, तूच भरव, माझ्या हातनं नगं."

"मग?"

"मग मी त्यांचा हात धरला," वैशाली म्हणाली, "आणि तिच्या तोंडापर्यंत नेला."