काकूंची ओळ

आमच्या शेजारचे महाजनकाका भाजी आणायला निघाले तरी मला चार्ज देऊन जातात. दारात उभं राहून सांगतात, "गॅस बंद. नळ बंद. दूध गार व्हायला ठेवलंय. ताई, चार्ज घ्या." हात पिठात असले तरी मी "घेतला" म्हणायचं, नाहीतर माणूस जागचा हलत नाही. बोईसरच्या केमिकल कारखान्यात उभा जन्म शिफ्टमध्ये चाललाय. पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, हे पार हाडात मुरलंय.

दुसरं वेड कॉम्प्युटरचं. सुरू केला की काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात, कुठली सिस्टिम चालू करायची ते निवडायला. वरची काकांची लिनक्स. खालची काकूंची जुनी विंडोज, पत्ते खेळायला. दहा सेकंदांत कुणी काही निवडलं नाही, तर काकांची आपोआप चालू होते. काकू सध्या जळगावला लेकीकडे असतात. सध्या म्हणजे दोन वर्षं झाली. इथल्या हवेनं त्यांना दम लागतो, डॉक्टरांनी बोईसर बंद केलंय, आणि काकांची नोकरी इथेच. पण यंदा दिवाळीला चार दिवस येणार होत्या.

तर त्या येण्याआधी म्हणून काकांनी कॉम्प्युटर अपग्रेड करायला घेतला. तोही शुक्रवारी! कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी आणि लाइट जाते तीही शुक्रवारी, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मध्येच लाइट गेली. परत आली तेव्हा पडद्यावर ना वरची ओळ, ना खालची.

"बिघडला?" मी विचारलं.

"मशीन शाबूत आहे. गेटवरचा वॉचमन गेला. जुना निघून गेला, नवा आलाच नाय. आता सगळे गेटबाहेर उभे."

कॉम्प्युटरला जागं करणारा जो छोटा प्रोग्राम असतो, त्याला काका वॉचमन म्हणतात. पेनड्राइव्ह लावून दुपारभर खटपट केली आणि नवा वॉचमन बसवला. काकांची ओळ आली. काकूंची काही येईना.

"तुमचं चालू झालं ना? मग राहू द्या की," मी म्हणाले.

"राहू द्या कसं? ती येईल, बघेल, म्हणेल, माझी जागा काढली." घाम पुसून परत बसले. जरा वेळानं वैतागून म्हणाले, "ह्या नव्या वॉचमनला बनवणाऱ्यांनी सांगूनच ठेवलंय, घरात दुसरं कुणी आहे का ते शोधायचं नाय. काय ही रीत?"

मग त्यांनी त्याला शोधायला लावलं. काकूंची ओळ उमटली तेव्हा मला बोलावून दाखवली आणि वर चहाही पाजला, साखर विसरून.

धनत्रयोदशीला काकांच्या लेकीचा फोन आला. आईला परत दम लागलाय, यंदाही जमणार नाही. संध्याकाळी फराळाची ताटली घेऊन गेले तर काका कॉम्प्युटरसमोर बसलेले. पडद्यावर दोन ओळी, खूण खालच्या ओळीवर. मी चांगली पाचेक मिनिटं उभी होते, पण पुढे काही सुरू होईना.

"काका, दहा सेकंद कधीच झाले. परत बिघडला वाटतं?"

"नाय. ते दहा सेकंद मीच काढून टाकले," चकली मोडत काका म्हणाले. "तिला चष्मा सापडायला वेळ लागतो."