सतरा नंबरच्या वाफ्याचे नाकामा

माणसाला सोबत लागते. हे सत्य फार जुने आहे. जपानमधल्या काझेमाची गावच्या नगरपालिकेच्या लक्षात ते गेल्या वर्षी आले आणि लगेच समिती नेमण्यात आली.

गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे प्रमाण शेकडा एकेचाळीसवर गेले होते. त्यांच्यासाठी काढलेल्या 'सोबत योजने'कडे कुणी फिरकले नाही, तेव्हा तिचे नाव बदलून 'नाकामा योजना' ठेवण्यात आले. शब्द तसा घरगुती. एका कारखान्यात खपणारे, एका दुकानात बसून पिणारे, हे एकमेकांचे नाकामा. शाळेच्या पुस्तकात तर एका कुळातला म्हणून टोमॅटोसुद्धा वांग्याचा नाकामा असतो (त्याबद्दल दोघांनीही कधी कौतुक करून घेतलेले नाही). पण शब्द ॲनिमेत, म्हणजे जपानी कार्टूनपटांत गेला आणि त्याचे नशीब उघडले. तिथे नाकामा म्हणजे जो तुमच्यासाठी ज्वालामुखीत उडी घेतो तो.

नगरपालिकेने दुसरा अर्थ स्वीकारला. पहिल्या अर्थाचे नाकामा सगळ्यांकडे होते आणि तरी सगळे एकटे होते.

समितीच्या सात सदस्यांनी (सरासरी वय अडुसष्ट) पाच आठवड्यांत ॲनिमेचे दोनशे चौदा भाग पाहिले. दोघे झोपले, त्यांचे मत स्वतंत्र नोंदवण्यात आले. निष्कर्ष असे निघाले : शेकडा एकोणनव्वद नाकामा आधी एकमेकांचे शत्रू असतात. संकटात ते एकमेकांचे नाव घेऊन ओरडतात, शेवटचा स्वर लांबवून. शेवटी एकत्र जेवतात. नायकाचे आईबाप बहुधा आधीच वारलेले असल्यामुळे नातेवाईक नाकामा ठरत नाहीत. एकाही भागात कुणी अर्ज भरताना दिसले नाही, पण ती निर्मात्यांची नजरचूक समजण्यात आली.

योजनेला वजन यावे म्हणून नदीकाठचे नगरपालिकेचे भाजीचे वाफे यापुढे फक्त नाकामांच्या जोडीलाच द्यायचे ठरले. एकट्याचा वाफा एक एप्रिलला नांगरला जाणार होता.

सतरा नंबरचा वाफा इनागाकी नावाच्या निवृत्त गृहस्थांच्या बायकोच्या नावावर होता. फुसाए नोव्हेंबरात गेली. जाण्याआधी तीन आठवडे तिने तिथे सोरामामे टोचले होते, वालापेक्षा थोराड दाण्याचे, प्रत्येक दाण्याचा काळा डोळा खाली करून. शेंगा मे महिन्यात येतात. इनागाकींना एवढेच कळत होते की एक एप्रिल मेच्या आधी येतो.

ते नगरपालिकेत गेले. खिडकीपलीकडे मिझोगुची नावाची तरुण कारकून होती. तिने दोन्ही हातांनी अर्ज पुढे केला.

"नाकामाचं नाव, इनागाकीसान?"

"बायको."

"नातेवाईक चालत नाहीत."

"ती वारली."

"माफ करा." तिने मान लववली. "पण असत्या तरी चालल्या नसत्या."

"मग कुणी नाही."

"कचेरीतले जुने सहकारी?"

"नववर्षाची कार्डं येतात. छापील."

मिझोगुचीने नियमावली चाळली. "शत्रू आहे का कुणी?"

चार महिन्यांत पहिल्यांदा इनागाकींचा चेहरा उजळला. "आहे की! शेजारीण!"

शेजारीण तोगाशीसान. वैराला अकरा वर्षे झाली होती. कारण गंभीर होते. कचऱ्यावर कावळे बसू नयेत म्हणून जी जाळी टाकतात, तिची घडी इनागाकी चौपदरी घालत आणि तोगाशीसान तिपदरी. त्यानंतर दोघांत एक शब्द झाला नव्हता. गल्लीतून घरोघर फिरणारी सूचनांची फळी (वाचायची, सहीऐवजी नावाचा शिक्का मारायचा, पुढच्या दारी टांगायची) फुसाएच शेजारी नेऊन देई आणि तासाभराने परत येई. आता इनागाकी ती फाटकाला टांगून पळत. एकदा फळी परत आली होती. वर चिठ्ठी : 'शिक्का उलटा आहे.'

अर्ज घेऊन त्यांनी शेजारची घंटा वाजवली.

"तुमची सही हवी होती," ते म्हणाले. "माझे शत्रू म्हणून."

"मुख्य की किरकोळ?"

"इथे तसा रकाना नाही."

"मग मुख्य लिहा. किरकोळ असेन तर सही करणार नाही." तोगाशीसाननी अर्ज हातभर लांब धरून वाचला. "हं. वाफा का? त्या शेंगांना जानेवारीपासून काठ्या कोण बांधतंय, काही कल्पना?"

"नगरपालिका नाही का?"

"धन्य आहे तुमची! नगरपालिका गाठ मारते होय? अहो, फुसाएसान म्हणायच्या, आमच्या ह्यांना घरात फ्रीज कुठेय ते सांगावं लागतं. मी म्हटलं, बाई थट्टा करतेय."

तोगाशीसाननी शिक्का मारला. सुलटा.

एकतीस मार्चला सकाळी दहा वाजता नदीकाठी हाक मारण्याची तपासणी झाली. मिझोगुची आवाज मोजायचे यंत्र घेऊन आली. अंतर वीस मीटर, किमान आवाज सत्तर डेसिबल, संकट काल्पनिक.

आधी तोगाशीसान. "इनागाकीऽऽ!" मागे आदराचे 'सान' नव्हते. अकरा वर्षांची थकबाकी त्यात निघाली. अठ्ठ्याऐंशी. दोन बगळे उडाले.

मग इनागाकी. "तोगाशीसान..." बावन्न. पुन्हा. छप्पन्न.

"इतक्या आवाजात मी तुमच्याकडून वर्तमानपत्रसुद्धा घेणार नाही!" तोगाशीसान पलीकडून ओरडल्या. (हे नोंदीत धरले नाही.)

"शेवटची संधी," मिझोगुची म्हणाली. "माणूस जातंय आणि तुम्हाला थांबवायचंय, असं समजा."

इनागाकींनी शेंगांच्या फुलांकडे पाहिले. पांढऱ्या पाकळ्यांवर काळे ठिपके होते. मग त्यांनी तोंड उघडले.

"फुसाएऽऽ!"

सत्त्याण्णव. नदीपलीकडे सायकलवरचा एक माणूस पाय टेकून उभा राहिला.

मिझोगुचीने यंत्राकडे पाहिले, मग अर्जाकडे. "आवाज पुरेसा आहे," ती हळूच म्हणाली. "पण इथे नाव तोगाशी कियो लिहिलंय."

तोगाशीसान वाफे ओलांडून आल्या. "घरी मला फुसाए म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"घरी कुणी नाही. म्हणून तर आता हे म्हणाले."

मिझोगुचीने पेन उघडले. मग रकान्यात लिहिले, 'टोपणनाव', आणि शिक्का मारला.

मे महिन्यात सोरामामे उकडून दोघांनी वाफ्याच्या बांधावर खाल्ले. मीठ जास्त झाले होते, असे तोगाशीसाननी चिठ्ठीवर लिहून न देता तोंडाने सांगितले. जाळीची घडी कशी घालायची, हा प्रश्न मात्र मिटलेला नाही. शत्रुत्व संपले तर पात्रता जाईल, म्हणून दोघेही काळजी घेतात.

अठरा नंबरचा वाफा अजून रिकामा आहे. वाचकांपैकी कुणालाही अर्ज करता येईल. फोनमधली चारशे नावे जोडू नयेत. एकच पुरे, नात्याबाहेरचे, आणि ते आत्ता, बसल्या जागी, सत्तर डेसिबलच्या वर मोठ्याने पुकारायचे आहे. हाक मारण्याआधी ज्यांनी बाजूच्या खोलीत कोण आहे ते पाहिले, त्यांचा अर्ज बाद झाला आहे. ज्यांना अजून नाव आठवते आहे, त्यांनी सावकाश आठवावे. मुदत एकतीस मार्च.