मतदार गेले सहलीला

शुक्रवारी हजेरी घेताना विनोदिनीबाईंच्या लक्षात आलं, की तिसरीच्या वर्गातले अकरापैकी सहा मतदार गायब आहेत, आणि त्यातला एक तर खुद्द उमेदवार!

बाई सांगलीच्या विश्रामबागेतल्या. उंब्रजजवळच्या या वस्तीवरच्या शाळेत आल्यापासून त्यांना काहीतरी नवं करून दाखवायची भारी हौस. यंदा मॉनिटर नेमायचा नाही, निवडणूक घ्यायची आणि पोरांना मतदान शिकवायचं, असं त्यांनी ठरवलं. यशराज आणि अंकिता यांना त्यांनीच उभं केलं. बुटाच्या खोक्याची मतपेटी झाली, ओढणीचा पडदा झाला. एवढ्यावर थांबल्या असत्या तर ठीक होतं, पण त्यांनी केंद्रप्रमुखांनाही बघायला बोलावलं. साहेब बारा वाजता येणार होते.

"अंकिता, बाकीची पोरं कुठं गेली?"

"यशराजच्या आबांनी सहलीला नेल्यात, बाई. सरपंच निवडायच्या आधी मेंबरं न्हेत्यात न्हवं, तशी."

बाईंच्या पायाखालची वाळू सरकली. आकारामआबा फौजेतून सुभेदार होऊन आलेले, दोनदा सरपंच झालेले. नातवाची निवडणूक ते वाऱ्यावर सोडतील होय? बाईंनी वर्ग शेजारच्या गुरुजींवर सोपवला, स्कूटी काढली आणि थेट आबांचं गुऱ्हाळ गाठलं.

मतदार मजेत होते. गरम गुळानं तोंडं माखली होती. दप्तरं तेवढी आबांच्या खाटेखाली जप्त होती.

"आबा, हे काय चालवलंय?"

"आवं बाई, आईबापांस्नी इचारून आणल्यात. तुमीच शिकवलं न्हवं, जास्त मतं त्यो जिकला? मग मतं सांभाळाय नगंत व्हय?"

"अहो, मॉनिटरची निवडणूक आहे ती!"

"निवडणूक ती निवडणूक. हिकडं सहा, तिकडं पाच. येळंवर आणून सोडतो, घोर करू नगा."

बाईंनी विनवून पाहिलं, चिडून पाहिलं. आबा ढिम्म. बाराला पाच कमी असताना ट्रॅक्टर शाळेच्या फाटकात आला, मागोमाग साहेबांची मोटारसायकल. आबांनी एकेक मतदार पार पडद्यापर्यंत पोचवला आणि मगच ते व्हरांड्यात गेले. बाईंना रडूच येत होतं. आठवडाभर घसा फोडून शिकवलं, आणि मत जाणार गुळाला!

मतमोजणी साहेबांनीच केली. अंकिता दहा, यशराज एक.

आबा तरातरा आत आले. "माजा गूळ खाऊन फुटलं कोण रं?"

यशराजच उठला.

"आबा, म्याच सांगितलं समद्यांस्नी, तिला द्या म्हणून. मी बी तिलाच दिलं. मॉनिटरला मधल्या सुट्टीत दंगा करणाऱ्यांची नावं लिवत बसाय लागतंय. खेळाय मिळत न्हाई."

"मग मला का बोलला न्हाईस?"

"तुमी लय खुशीत हुता."

आबा पोरांच्या बुटक्या बाकावर मटकन बसले. साहेब हसू दाबत म्हणाले, "बाई, गुप्त मतदान पोरांना पक्कं कळलंय हं." बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मोठ्या उत्साहानं विजयी उमेदवारासाठी टाळ्या वाजवायला सांगितल्या. तर अंकिता डोळे पुसत हुंदके देत होती.

"अगं, जिंकलीस की! रडतेस काय?"

"बाई," ती म्हणाली, "यशराजला पडलेलं ते एक मत माजं हुतं."